टपावरचा पोचा

रंग तडकला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. वाळलेल्या पापुद्र्याला नख लागावं, तेवढाच. मी टपाकडे बघत होते, दिवा माझ्याच हातात होता आणि 'आणखी' मीच म्हणाले होते. दादा गाडीच्या आत होता, आडव्या केलेल्या सीटवर उताणा, दोन्ही हातांत लांब वाकडी सळई धरून. आतलं अस्तर उतरवलं की त्याला टपाची खालची बाजू दिसते, म्हणजे नुसता उघडा करडा पत्रा. त्यावरून काही कळत नाही. गारेनं पडलेला पोचा किती वर आला, किती राहिला, हे बाहेर उभं राहून मी बघायचं आणि मी सांगायचं. 'वर. थोडं दाराकडे. हां, तिथंच. हळू. आणखी.' आणि मग 'बस'. माझ्या 'बस'ला तो थांबतो. इतकी वर्षं आमचं हे असंच चाललंय, त्यात भांडणं झाली, अबोले झाले, पण अबोल्यातसुद्धा मी 'आणखी' आणि 'बस' एवढं बोलायचेच. त्या दुपारी मी 'आणखी' म्हणाले, पुन्हा 'आणखी' म्हणाले, कारण टपात उमटलेली दिव्याची रेघ मला वाकलेलीच दिसत होती, आणि 'बस' म्हणायच्या आत निळ्या रंगावर केसासारखी चीर पडली.

"काय झालं गं?" दादानं आतून विचारलं.

"तडकला."

तो बाहेर आला. आधी पाय, मग कंबर, मग बाकीचा माणूस, हल्ली त्याला असं हप्त्याहप्त्यानं बाहेर यावं लागतं. त्यानं अंगठा टपावरून फिरवला. "टेंगूळ आलंय," तो म्हणाला. पोचा वर येऊन पत्रा सपाट व्हायचा, तर तो सपाटीच्याही वर गेला होता. मग त्यानं स्वतःचा उजवा हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "जास्त दाबलं मी."

"मीच म्हणत होते ना, आणखी."

"तू म्हणशील तेवढंच दाबायचं असतं, चिमे. हल्ली हाताला कळतच नाही किती झालं ते." आणि त्यानं तो हात खिशात घातला. माझी पन्नाशी उलटली तरी दादा मला चिमेच म्हणतो, आणि बाकी सगळं गॅरेज ताई म्हणतं. मी दिवा जरा खाली घेतला. त्या क्षणी मला खरंच काही माहीत नव्हतं. पण चूक त्याच्या हातावर गेली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, हेही खरं आहे, आणि ते मला अजून खुपतं.

गारा पडल्या त्याला आता बरेच दिवस झाले होते. त्या दिवशी आभाळ आधी पिवळं झालं, मग एकदम अंधारून आलं, आणि पत्र्याच्या छपरावर कुणी बटाट्याची पोतीच्या पोती ओततंय असा आवाज सुरू झाला. आम्ही दारात उभे होतो. समोरच्या इमारतीखाली रांगेनं गाड्या उभ्या होत्या आणि लिंबाएवढ्या गारा त्यांच्यावर आपटून माणसाच्या उंचीएवढ्या उडत होत्या. एका बाईनं खिडकीतून हात बाहेर काढून 'अरे माझी गाडी, माझी गाडी' असा आक्रोश केला आणि हातावर गार बसताच हात आत घेतला. मला हसू आलं. दादा हसला नाही. त्याला तेव्हाच दिसलं असावं की आता काम येणार, आणि येणार ते उरावर बसणार. दुसऱ्या दिवसापासून गाड्यांची रीघ लागली. टप, बॉनेट, डिकी, वरच्या बाजूला असेल नसेल ते सगळं पोच्यांनी भरलेलं. आमच्याकडे खळग्यात लांबीचा लगदा भरून वर रंग मारण्याचं काम नाही. आम्ही आतून दाबून पत्रा होता तसा करतो, रंगाला धक्का न लावता. म्हणून तर लोक येतात. त्यासाठी माझ्या हातात तो पट्ट्यांचा दिवा असतो. पांढऱ्या उजेडावर काळ्या रेघा, वहीच्या पानासारख्या. त्या रेघा पत्र्यात उमटतात. पत्रा सरळ असेल तर रेघा सरळ. जिथे रेघ वाकली तिथे पोचा. माझी सगळी विद्या काय ती एवढीच आहे, पण ती माझी आहे.

पोचा या शब्दाची आमच्या घरात फार थट्टा होते. सासरी असताना माझी सासू ऊठसूट म्हणायची, हिला पोच नाही. पाहुण्यांसमोर काय बोलावं याची पोच नाही, कुणापुढे किती हसावं याची पोच नाही. मी ते घर सोडून दादाकडे परत आले तेव्हा वहिनीनं मला दारातच सांगितलं, "वन्सं, तुम्हांला पोच नसली तरी चालेल, तुमच्या भावाकडे पोचे भरपूर आहेत." त्या दिवसांत हसवणारं माणूस मिळणं हेच नवल होतं. दादानं मला पहिल्या आठवड्यात नुसता झाडू दिला. मग एकदा एका गाडीच्या दारावर त्याला काही दिसेना आणि मी झाडता झाडता म्हणाले, "दादा, तिथं नाही, बोटभर खाली." त्यानं हात लावला. मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून मी भावाच्या घरी येऊन पडलेली बहीण राहिले नाही. गॅरेजचा डोळा झाले. लोक म्हणत, दादांचा हात आणि ताईंचा डोळा. हे ऐकलं की मी वरवर 'काहीतरीच' म्हणायचे, पण आतून मला ते जेवणासारखं लागायचं. रोज लागायचं.

दादा हात धुवायला गेला तेव्हा मी त्या निळ्या टपापाशीच उभी होते. चीर बघत होते. मग नजर चिरेवरून उचलली आणि पलीकडच्या पोच्यावर ठेवली, आदल्या दिवशी काढून झालेल्या. तिथेही रेघ वाकली होती. मी बोट फिरवलं. पत्रा गुळगुळीत, सपाट. दिवा सरकवला. रेघ वाकलेलीच. मी जिथे बघेन तिथे, बरोबर मध्यभागी, रेघांना एक पोक यायचं आणि कडेला त्या पुन्हा शहाण्यासारख्या सरळ व्हायच्या. मी डावीकडे पाहिलं, पोक डावीकडे आलं. उजवीकडे पाहिलं, उजवीकडे आलं. पोचा माझ्याबरोबर चालत होता. मी तळहातानं डावा डोळा झाकला. रेघा एकदम ताठ झाल्या. मग उजवा झाकला. रेघा वाकल्या, आणि वाकल्या तिथे मधोमध काहीतरी पुसल्यासारखं होतं, ओल्या बोटानं शाई फासावी तसं. मी दिवा बंद केला आणि उगाचच त्याची वायर गुंडाळत बसले, कारण दादा नळ बंद करून परत येत होता.

आईचं असंच सुरू झालं होतं. आम्हांला तेव्हा कुठे कळलं? ती म्हणायची, स्वैपाकघराच्या दाराची चौकट वाकडी आहे. सुतार आला, त्यानं ओळंबा लावून दाखवला की चौकट सरळ आहे. आई म्हणाली, तुझा ओळंबा वाकडा. तो बिचारा हसला, थोडं तासून गेला. महिन्याभरात आईनं त्याला पुन्हा बोलावलं. पुन्हा तासलं. शेवटी दार आणि चौकट यांच्यात इतकी फट राहिली की बाहेरून आत कोण आलंय ते दार न उघडताच दिसायचं. मी माहेरपणाला आले की आम्ही एवढी मोठी भावंडं त्या फटीतून एकमेकांना वेडावून दाखवायचो आणि हसून हसून लोळायचो. पुढे आई आमच्याकडे न बघता बोलायला लागली. म्हणजे मला तसं वाटायचं. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायची आणि मला वाटायचं, मी सासर सोडून आले म्हणून ती माझं तोंड बघत नाही. कितीतरी महिने मी हे मनात धरून होते. मग डॉक्टर म्हणाले, मधलं जाईल, कडेचं राहील. आधी डावा गेला, मग उजवाही. म्हणजे ती माझं तोंड बघण्यासाठीच कानापलीकडे बघत होती. दादाला हे माझ्या आधी समजलं होतं. तो तिच्याशी बोलताना नेहमी जरा बाजूला सरकून उभा राहायचा.

त्या संध्याकाळी जेवताना दादानं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. वहिनीनं ते पाहिलं, मीही पाहिलं. हात थरथरत वगैरे काही नव्हता. तो फक्त त्या हातावर विश्वास टाकत नव्हता. "खांद्यामुळे असेल," वहिनी म्हणाली. "रात्री तेल लावते." दादा म्हणाला, "तेलानं खांदा बरा होईल. हाताची समज थोडीच परत येणार आहे?" त्यावर एरवी विनोद करणाऱ्या वहिनीनं नुसतं भाताचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. मी माझ्या ताटाकडे बघत होते. ताटाची कड गोल होती, म्हणजे गोल असणार होती. मी डावा डोळा मिटून पाहिलं, उजवा मिटून पाहिलं. "डोळ्यात काय गेलंय, वन्सं?" वहिनीनं विचारलं. "तिखट," मी म्हणाले. तिखटाचा हात लागावा असं ताटात काहीच नव्हतं. वहिनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिनं मला आणखी वाढलं आणि विषय गाडीवाल्यांवर गेला.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की एका डोळ्यानं काम करायचं. कुणाला कळायला नको म्हणून ओढणी डोक्यावरून घेऊन डाव्या बाजूनं जरा पुढे ओढली, धूळ फार उडते म्हणून. मला वाटलं, सुटले. कितीतरी माणसं एका डोळ्यानं सुई ओवतात. पण एका डोळ्याला पत्र्याची खोली कळेना. रेघ सरळ झाली की नाही हे दिसायचं, पण सरळ होण्याच्या जरा अलीकडे आहे की जरा पलीकडे, तो जो केसभर अंतराचा हिशेब, तोच हरवला होता. आणि एकदा तोंड पोळल्यामुळे मला भीती बसली होती. मी लवकर 'बस' म्हणायला लागले. दादा आतून विचारायचा, "आलं पूर्ण?" मी म्हणायचे, "आलं." मग दुपारच्या तिरप्या उन्हात गाडी बाहेर काढली की सगळे अर्धवट वर आलेले पोचे दिसायचे, थंडीत अंगावर काटा यावा तसे, फक्त उलटे. दादा ऊन डोळ्यावर घेत त्या टपाकडे बघत उभा राहायचा. काल हात जास्त गेला, आज हात कमी पडला. मी जी काही युक्ती करावी ती फिरून त्याच्याच हातावर जाऊन बसत होती. तो एक शब्द मला बोलत नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं. 'चिमे, लक्ष कुठंय तुझं?' एवढं जरी म्हणाला असता तरी मी त्याच्यावर चिडून, भांडून, रडून सगळं सांगून टाकलं असतं. पण त्याच्या मनात माझा डोळा चुकू शकतो ही शंकाच नव्हती. गेल्या इतक्या वर्षांत मीच ती जागा ठेवली नव्हती.

निळ्या गाडीचे मालक आले. निवृत्त मुख्याध्यापक, उंच, अंगात सदैव इस्त्रीचा शर्ट. गाडीला ते 'ही' म्हणतात आणि तिच्याबद्दल अशा काळजीनं विचारतात की ऐकणाऱ्याला वाटावं दवाखान्यात कुणी आहे. "कशी आहे ही?" त्यांनी विचारलं. दादानं त्यांना टपापाशी नेलं, चीर दाखवली आणि सरळ सांगितलं, "चूक माझ्या हाताची आहे. रंग करून देतो, पण मूळचा रंग गेला तो गेला." मुख्याध्यापक चिरेवर वाकले. मुलाच्या वहीत चूक सापडली की वाकत असतील तसेच. मग म्हणाले, "होतं कधीकधी. वय कुणाला चुकलंय?" हे त्यांनी फार चांगुलपणानं म्हटलं आणि त्यामुळे ते जास्त लागलं. दादाची मान खाली गेली. मग ते माझ्याकडे वळले. "पण ताई, तुम्ही होतात ना बाहेर? तुमच्या नजरेतून सुटलं कसं?" मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात शब्द तयार होता, अगदी जिभेवर. दादा म्हणाला, "तिची काही चूक नाही. तिनं सांगितलं तेवढ्यावर मी थांबलो नाही." आणि मी तोंड मिटलं. आजवरच्या माझ्या सगळ्या लबाड्या एकीकडे आणि ते तोंड मिटणं एकीकडे. मुख्याध्यापकांचा चेहरा मधोमध पुसला गेला होता, फक्त इस्त्रीची कॉलर आणि कान दिसत होते. मी जरा बाजूला बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा परत आला. म्हणजे मी त्यांच्या कानापलीकडे बघत होते. ते ध्यानात आलं आणि मी ओढणी आणखी पुढे ओढली.

त्यांना पोचवून आल्यावर दादा म्हणाला, "पुलापलीकडच्याशी बोललो मी." पुलापलीकडचा म्हणजे आमच्यासारखंच काम करणारा दुसरा. दादा त्याला आजवर 'तो हातोडीवाला' म्हणत आला होता. "उद्या येतोय. राहिलेल्या गाड्या घेऊन जाईल. सळयाही देऊन टाकतो. माझ्यानं आता हे होणार नाही, चिमे. लोकांच्या गाड्यांवर मी शिकाऊ माणसासारखे हात मारायचे, हे बरं नव्हे." तो सळया पुसत होता. प्रत्येक सळईला त्यानं स्वतः बाक दिलेला आहे, कुठली कुठल्या कोपऱ्यात जाते ते त्याला डोळे मिटून सांगता येतं. फडक्यानं पुसायचा, बाजूला ठेवायचा, पुढची घ्यायचा. त्याचा हात बघत होते मी. इतका स्थिर हात होता तो. असा हात शोधून सापडायचा नाही. आणि तो हात उद्या खिशात जाणार होता, कायमचा, माझ्यामुळे. आणि मी सांगितलं तर? मी सांगितलं तर तो राहील, काम राहील, पट्ट्यांचा दिवा तो दुसऱ्या कुणाच्या हातात देईल. मग मी सकाळी कुठे जाणार? वहिनीच्या स्वैपाकघरात, भाजी निवडत, कडेकडेनं बघत. 'ताई आल्यात राहायला' असं लोक म्हणतील, आणि दादा माझ्याशी बोलताना जरा बाजूला सरकून उभा राहील. ते सरकणं मला आत्तापासून दिसत होतं. सगळ्यात जास्त मी त्यालाच भीत होते.

"दादा," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता, पण चालला. "तुझ्या हाताला काही झालेलं नाही. माझा डोळा गेलाय."

त्यानं सळई पुसणं थांबवलं नाही. उलट हसला. "झालं? सुरू झालं तुझं?"

"काय सुरू झालं?"

"लहानपणापासून हेच. लोणच्याची बरणी मी फोडली आणि आईसमोर तू जाऊन उभी राहिलीस. मार तू खाल्लास. आता पुरे गं. म्हातारा झालो मी, हात गेला, संपलं. त्यासाठी तू आंधळी व्हायची गरज नाही."

मला इतका संताप आला की जवळचं फडकं उचलून मी जमिनीवर आपटलं. आयुष्यात एकदा खरं बोलायला जावं आणि ऐकणाऱ्यानं तो मोठेपणा समजावा! "मी काय संत लागून गेले आहे का रे?" मी ओरडले. "बरणीचं सोड. बरणीच्या वेळी मी पुढे झाले कारण आई मला कमी मारायची. तेवढी अक्कल होती मला. आणि या वेळी मी पुढे झालेच नाही. ते मुख्याध्यापक विचारत होते तेव्हा मी तोंड मिटून उभी होते आणि तू माझ्यासाठी खोटं बोललास. ऐकतोयस का? रंग तडकला त्या दिवशीच मला कळलं. तेव्हापासून मी तुझ्या तोंडाकडे बघतेय आणि गप्प बसतेय."

तो हसायचा थांबला. पण विश्वास बसलेला नव्हता, चेहऱ्यावर फक्त काळजी आली होती, माझ्या डोक्याची. तेव्हा मी त्याचा हात धरला आणि त्याला राहिलेल्या गाड्यांतल्या एका करड्या गाडीपाशी ओढत नेलं. तिच्या टपाची उजवी बाजू गारपिटीतून आश्चर्यानं वाचली होती. त्या भागावर काम नव्हतंच. आदल्या दिवशी मी ती सगळी जागा बोटांनी चाचपून पाहिली होती, कुठे खळगा नाही, कुठे उंचवटा नाही. मी दिवा लावला. रेघा पत्र्यात उतरल्या आणि माझ्यासमोर, नेमक्या मधोमध, वाकल्या. "इथं," मी बोट ठेवलं. "इथं मला पोचा दिसतोय. चांगला मोठा. वाटीएवढा. लाव हात."

दादानं हात पुढे केला. आधी अंगठा, मग चारही बोटं सपाट. त्यानं सावकाश पत्र्यावरून हात फिरवला, माझं बोट होतं तिथून आडवा, मग उभा. मग थांबला. पुन्हा फिरवला. मी डावा डोळा मिटून त्याच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला ते नीट दिसलं. आधी त्याला वाटलं असावं की आपल्या बोटांची चूक होतेय. मग त्यानं दिव्यात वाकून रेघांकडे पाहिलं, पत्र्याच्या अगदी जवळ जाऊन. रेघा सरळ होत्या, त्याच्या डोळ्यांना. त्याचा ओठ जरासा हलला. तो समजला. चौकट, सुतार, आईचं कानापलीकडे बघणं, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एका क्षणात सरकत गेलेलं मी पाहिलं. आणि मग त्यानं तो चेहरा आवरला.

"आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"पोचा. आहे ना." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बारीक आहे, पण आहे. बोटाला लागतोय. तुला बरोबर दिसलाय, चिमे. तुझ्या डोळ्याला काही झालं नाही, उगाच काहीतरी घेऊन बसलीस." आणि मी काही बोलायच्या आत त्यानं पुसून ठेवलेल्या सळयांतली एक उचलली, मागचं दार उघडलं आणि आत शिरला. या गाडीचं अस्तर आधीच उतरवलेलं होतं. सीटवर पडताना त्याच्या खांद्यातून कळ गेली असावी, तो कण्हला. मग आतून त्यानं सळईच्या टोकानं टुक्, टुक् असं पत्र्याला शिवलं. जागा शोधण्यासाठी तो नेहमी तसं करतो. टोक बरोबर माझ्या बोटाखाली आलं. "हां," त्याचा आवाज आला. "सांग."

मी टपावर तळहात ठेवला. हाताखाली सरळ पत्रा होता आणि त्याच्या खालून माझा भाऊ दाबायला लागला होता. त्याला माहीत होतं की इथे काही नाही. जिथे काही नाही तिथे तो सळई लावत होता, कुणाच्या तरी धड गाडीला, आणि त्यानं आयुष्यात कधी धड पत्र्यावर जोर लावला नव्हता. माझ्या तळहाताखाली पत्रा हलका फुगत असल्याचं मला जाणवलं. मी एक 'आणखी' म्हणाले असते तर इथलाही रंग तडकला असता आणि सगळं कसं नीट बसलं असतं. हात गेला दादाचा, डोळा शाबूत ताईचा. उद्या तो हातोडीवाला येईल, सळया नेईल, पण मी कुणाच्याही दृष्टीनं वाकडी ठरणार नाही, दादाच्या तर नाहीच. तो मला तेच देत होता. आतून, उताणा पडून, दुखऱ्या खांद्यानं. आणि मला ते हवं होतं. फार हवं होतं.

"सांग ना, चिमे," तो म्हणाला. "आणखी का?"

"नको," मी म्हणाले. "थांब. तिथं काही नाही, दादा. पत्रा सरळ आहे. तुला माहितीये."

हाताखालचा दाब राहिला, मग हळूहळू कमी झाला, मग गेला. आत सळई खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं आता तो बाहेर येईल, आधी पाय, मग कंबर. पण तो आला नाही. मी दार उघडून आत पाहिलं नाही. रस्त्यावरून कुणाची तरी गाडी खडखडत गेली, समोरच्या इमारतीत कुणीतरी कुणाला हाक मारली. मी दिवा बंद करायला विसरले होते आणि रेघा माझ्यासमोर वाकून उभ्या होत्या.

बऱ्याच वेळानं आतूनच त्याचा आवाज आला, अगदी साधा, एखाद्या पोच्याची जागा विचारावी तसा.

"डावा की उजवा?"

"डावा," मी सांगितलं.